शहाण्णव आणि एकतीस

माझ्या कॉम्प्युटरवर एक फाईल आहे. साधी टेक्स्ट फाईल, ४१ एमबीच्या आसपासची, आणि तिच्यात एकच संख्या आहे. फाईल उघडली की स्क्रीन जरा वेळ गोठतो. मग ८८१६९४३२७५ अशी सुरुवात दिसते आणि त्यापुढे अंकच अंक. कितीही खाली गेलं तरी दृश्य तेच. कुठे दोन-तीन शून्यं लागोपाठ आली, कुठे सात पुन्हा पुन्हा दिसला, एवढाच काय तो फरक. थेट तळाशी उडी मारली तर शेवटचे चार अंक १५५१. मधलं मी वाचलेलं नाही. सेकंदाला एक अंक या वेगाने, क्षणभरही न झोपता वाचायला बसलं तरी ४७५ दिवस लागतील. एकूण अंक ४,१०,२४,३२०.

ही संख्या मूळ आहे. १ आणि ती स्वतः, यांखेरीज तिला कशानेही नि:शेष भाग जात नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती सापडली आणि हे लिहीपर्यंत तरी माणसाला ठाऊक असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या तीच आहे. एवढं मोठं शरीर असून तिचं नाव एका ओळीत मावतं: २ चा १३,६२,७९,८४१ वा घात, वजा १.

फाईल उघडून मी बरेचदा नुसती बसून राहिले आहे. त्यातून काही हाती लागत नाही. त्या एका ओळीतून मात्र खूप काही लागतं, आणि त्यासाठी कागद-पेन्सिल पुरते. २, ४, ८, १६, ३२, ६४ असं दुप्पट करत गेलं की शेवटचा अंक २, ४, ८, ६ या चौकडीत फिरत राहतो. आपल्या घातांकाला ४ ने भागलं की बाकी उरते १, म्हणजे चौकडीतला पहिला अंक, २. त्यातून १ गेला, राहिला १. फाईलच्या तळाशी जो अंक आहे तो तिथे न जाताच मिळाला.

आता ७ ने भागून बघू. २ च्या घातांना ७ ने भागलं तर बाक्या २, ४, १, पुन्हा २, ४, १ अशा येतात, म्हणजे तीन-तीनचं चक्र. १३६२७९८४१ च्या अंकांची बेरीज ४१, तिला ३ ने भागून बाकी २, म्हणून चक्रातली दुसरी जागा, ४. वजा १ केला, ३. चार कोटी अंकांच्या संख्येला ७ ने भागलं तर बाकी ३ उरते, आणि हे मी बसल्या जागी, मनातल्या मनात काढलं. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा हातातली पेन्सिल खाली ठेवून मी काही वेळ गप्प बसले होते.

याहूनही मला आवडणारा तिचा एक गुण आहे. ५ म्हणजे १ आणि ४, १३ म्हणजे ४ आणि ९, २९ म्हणजे ४ आणि २५. या मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून मांडता येतात. आपली येईल का? कुठल्याही पूर्ण संख्येच्या वर्गाला ४ ने भागा, बाकी ० किंवा १ च उरते. म्हणजे दोन वर्गांच्या बेरजेची बाकी ०, १ किंवा २, त्यापुढे नाही. आणि आपली संख्या? २ चा एवढा मोठा घात ४ च्या पटीतच असणार, त्यातून १ काढला की बाकी ३. झालं. जगातले कुठलेही दोन वर्ग घ्या, त्यांची बेरीज ही संख्या होणार नाही. करोडो करोड जोड्या एका वाक्यात बाद झाल्या. उलट, एका वर्गात दुसऱ्या वर्गाची तिप्पट मिळवून ती नक्की मांडता येते, कारण ३ ने भागल्यावर जिची बाकी १ उरते त्या प्रत्येक मूळ संख्येला हे जमतं: ७ म्हणजे ४ अधिक तीन एके तीन, ३१ म्हणजे ४ अधिक तीन नवे सत्तावीस, १२७ म्हणजे १०० अधिक सत्तावीस. आपल्या संख्येसाठीही अशी जोडी आहे, आणि एकच आहे.

पण हे सगळं ती मूळ आहे हे मान्य केल्यावरचं. ती मूळ आहे हे कशावरून?

शाळेत असताना मला एक नियम सापडल्यासारखा वाटला होता. २ चा दुसरा घात वजा १ म्हणजे ३. तिसरा घात वजा १ म्हणजे ७. पाचवा, ३१. सातवा, १२७. घातांक मूळ, उत्तरही मूळ. पुढचा मूळ घातांक ११, उत्तर २०४७. मी वहीत लिहिलं की २०४७ मूळ आहे आणि हे असंच अखंड चालणार. वही परत आली तेव्हा त्या ओळीशेजारी समासात लाल शाईने फक्त २३ लिहिलेलं होतं. भागून पाहिलं, २३ गुणिले ८९. मला फार वाईट वाटलं होतं. चूक झाली म्हणून तेवढं नाही, पण चार वेळा खरं ठरलेलं पाचव्या वेळी खोटं ठरू शकतं हे तेव्हा पहिल्यांदा अंगाला लागलं.

सरांनी २३ कसा शोधला असेल, हे कोडं पुढे कित्येक वर्षांनी सुटलं. घातांक ११ असेल तर उत्तराचा कुठलाही मूळ अवयव २२ च्या पटीपेक्षा एकने मोठाच असावा लागतो. फ्रेंच गणितज्ञ फर्माने १६४० च्या सुमाराला काढलेल्या नियमातून हे येतं. म्हणजे २०४७ साठी पहिला उमेदवारच २३. दुसरा ४५, तो मुळात मूळ नाही. २०४७ चं वर्गमूळ ४५ च्या जरा पुढे, त्यामुळे तिसरा बघायचं कारणच नाही. सरांना कदाचित एकच भागाकार करावा लागला असेल.

घातांक संयुक्त असेल तर उत्तर संयुक्तच येतं. घातांक मूळ असेल तर उत्तर मूळ असेल, नसेल. हा सगळा खेळ त्या ‘असेल, नसेल’मध्ये आहे. अशा संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात. मारां मर्सेन हा फ्रान्समधला धर्मोपदेशक. १६४४ साली त्याने यादी दिली की २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ हेच घातांक मूळ संख्या देतात. यादीत ६७ आणि २५७ चुकीचे आहेत. ६१, ८९ आणि १०७ राहून गेलेत. हे सगळं नक्की व्हायला तीन शतकं लागली. यादी चुकली म्हणून मर्सेनला नावं ठेवावीत असं मला वाटत नाही. त्या यादीने पुढच्या लोकांना नेमकं काय तपासायचं ते दिलं.

३१ चा निकाल १७७२ मध्ये स्विस गणितज्ञ ऑयलरने लावला. संख्या २,१४,७४,८३,६४७. तेव्हा तो सेंट पीटर्सबर्गमध्ये होता आणि त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. साधेपणाने करायचं तर वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे ४६,३४० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागेल, आणि त्या पावणेपाच हजारांच्या वर आहेत. पण इथेही तोच नियम: अवयव ६२ च्या पटीपेक्षा एकने मोठा हवा. शिवाय त्याला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ हवी. दोन्ही अटी एकत्र केल्या की उमेदवार फक्त दोन प्रकारचे उरतात, २४८ च्या पटीपेक्षा १ ने मोठे किंवा ६३ ने मोठे. मी मोजून पाहिले, खुद्द ६३ सोडला तर ३७२ भरतात, आणि त्यातलेही बरेच मूळ नसल्याने आपोआप गळतात. हजारो भागाकारांची गोष्ट काही दिवसांच्या कामात आली. डोळ्यांपुढे अंधार असलेल्या माणसाने केलेलं हे काम मला त्याच्या मोठ्या सिद्धांतांइतकंच थोर वाटतं.

प्रत्येक मर्सेन मूळ संख्येतून एक परिपूर्ण संख्या मिळते, म्हणजे स्वतःला सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज केली की पुन्हा तीच येते अशी. ३ दुणे ६, ७ चोक २८, ३१ सोळे ४९६. ही कृती युक्लिडने दिली. ऑयलरच्या संख्येतूनही अशी एक निघते. १८११ साली इंग्लंडच्या पीटर बार्लोने आपल्या पुस्तकात लिहिलं की याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडायची नाही, कारण या संख्या केवळ कुतूहलाच्या आहेत, उपयोगाच्या नाहीत, आणि त्यामुळे कुणी पुढे शोधायला जाणार नाही. उपयोग नसेल तर माणूस थांबेल, हा त्याचा अंदाज. फाईलमधल्या संख्येतून जी परिपूर्ण संख्या होते तिला ८,२०,४८,६४० अंक आहेत.

खरं वळण १८७६ मध्ये आलं. एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने २ च्या १२७ व्या घातातून १ वजा केलेली संख्या मूळ असल्याचं दाखवलं. ३९ अंकी संख्या. तिथे भागाकार करत बसणं माणसाच्या आयुष्यात शक्यच नव्हतं. त्याने भागाकार केलेच नाहीत. संख्येला एकच प्रश्न विचारता येईल अशी कसोटी त्याने शोधली. पुढे १९३० च्या दशकात अमेरिकेच्या डेरिक लेहमरने ती साधी-सोपी करून दिली, म्हणून आज तिला ल्युका-लेहमर कसोटी म्हणतात.

कसोटी अशी. ४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, आणि जिची परीक्षा घ्यायची त्या संख्येने भागून बाकी तेवढी ठेवा. पुन्हा वर्ग, पुन्हा वजा २, पुन्हा बाकी. घातांकापेक्षा दोन कमी इतक्या वेळा हे करा. शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ. दुसरं काहीही आलं तर संयुक्त.

मी १२७ वर करून पाहिलं. घातांक ७, म्हणजे पाच पायऱ्या. चाराचा वर्ग १६, वजा २, १४. चौदाचा वर्ग १९६, वजा २, १९४. आता १२७ ने भागायचं, आणि इथे मर्सेन संख्यांची खास सोय कामी येते. १२८ ला १२७ ने भागलं की बाकी १. म्हणून संख्येत जितके १२८ असतील तितके एक धरायचे आणि उरलेल्यात मिळवायचे. १९४ म्हणजे एक १२८ आणि वर ६६. एक आणि सहासष्ट, ६७. सदुसष्टचा वर्ग ४४८९, वजा २, ४४८७. त्यात पस्तीस १२८ आणि वर ७. पस्तीस आणि सात, ४२. बेचाळिसाचा वर्ग १७६४, वजा २, १७६२. तेरा १२८, वर ९८. तेरा आणि अठ्ठ्याण्णव, १११. आता शेवटची पायरी. एकशे अकराचा वर्ग १२३२१, वजा २, १२३१९. त्यात शहाण्णव १२८ आणि वर ३१.

शहाण्णव आणि एकतीस. एकशे सत्तावीस. बाकी शून्य.

१२७ मूळ आहे हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरीही ती बेरीज लिहिताना हात थरथरला. मधल्या ६७, ४२, १११ यांच्याकडे बघून शेवटी शून्य येणार याचा काही सुगावा लागत नाही. मग त्याच वहीत २०४७ घेतली. नऊ पायऱ्या: १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शून्य नाही. समासातला लाल २३ मला पुन्हा दिसला, पण या वेळी अवयव न शोधताच निकाल लागला होता.

हे का चालतं? ४ म्हणजे २ अधिक √३ आणि २ वजा √३ यांची बेरीज. या दोघांचा गुणाकार बरोबर १. म्हणून बेरजेचा वर्ग करून २ वजा केले की दोघांच्या वर्गांची बेरीज उरते. म्हणजे पायरी कुठलीही असो, आतमध्ये २ अधिक √३ चा घात फक्त दुप्पट होत असतो, आणि संख्या मूळ असेल तर ठरलेल्या पायरीवर त्या दोघांना एकमेकांना खोडावंच लागतं. पूर्ण सिद्धता पानभर आहे. ती समजली तो दिवस माझ्या चांगल्या दिवसांपैकी एक.

ल्युकाने हे आकडे १२७ बाय १२७ घरांच्या, बुद्धिबळाच्या पटासारख्या पटावर दुहेरी पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, मांडून केले. दुहेरीत मर्सेन संख्या म्हणजे नुसते एकच एक, ओळीने. माझी फाईल दुहेरीत लिहिली तर तीत १३ कोटींहून जास्त एक येतील आणि शून्य एकही नाही. ल्युकाची ३९ अंकी संख्या १९५१ पर्यंत, म्हणजे ७५ वर्षं, सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या राहिली. हाताने गणित करून याहून मोठी कुणालाच सापडली नाही.

त्याच ल्युकाने मर्सेनच्या यादीतल्या ६७ ला खोटं ठरवलं. संख्या मूळ नाही एवढं कळलं, पण तिचे तुकडे कोणते हे कसोटी सांगत नाही. १९०३ च्या ऑक्टोबरमध्ये न्यू यॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी गेला. त्याने एक शब्दही न बोलता १९३७०७७२१ ला ७६१८३८२५७२८७ ने गुणून १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ आणून दाखवलं, अशी गोष्ट सांगितली जाते. हे शोधायला किती वेळ लागला असं विचारल्यावर त्याने तीन वर्षांचे रविवार असं उत्तर दिल्याचंही सांगतात. गोष्टीला थोडा मुलामा चढलेला असेल. गुणाकार मात्र खरा आहे. आणि १९३७०७७२१ मधून १ वजा करून १३४ ने भागा, बरोबर भाग जातो. सरांच्या २३ चाच नियम.

१९५२ पासून हे काम यंत्रांकडे गेलं. १९९६ मध्ये जॉर्ज वोल्टमनने जगभरच्या लोकांचे कॉम्प्युटर जोडून मर्सेन मूळ संख्या शोधायचा ‘जिम्प्स’ हा उपक्रम सुरू केला. आमच्या संख्येचा शोध याच उपक्रमात ल्यूक ड्युरांटने लावला, वेगवेगळ्या देशांतल्या डेटा सेंटरांमधले ग्राफिक्स प्रोसेसर भाड्याने घेऊन. ११ ऑक्टोबरला डब्लिनमधल्या एका प्रोसेसरने ती बहुधा मूळ असल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सॅन अँटोनियोतल्या दुसऱ्या एकाने ल्युका-लेहमर कसोटी पूर्ण केली. १३,६२,७९,८३९ पायऱ्या. प्रत्येक पायरीला चार कोटी अंकांपर्यंतच्या संख्येचा वर्ग. वजा २. बाकी. कुठे एक अंक जरी चुकला तरी पुढचं सगळं वाया. आणि शेवटी माझ्या वहीत आलं तेच, शून्य.

याचा उपयोग काय, हा बार्लोचा प्रश्न मला अजून लोक विचारतात. बँकेचे व्यवहार सुरक्षित ठेवायला मूळ संख्या लागतात हे खरं, पण तिथे काही शे अंकी पुरतात आणि त्या गुप्त असाव्या लागतात. सगळ्यांना ठाऊक असलेली चार कोटी अंकी तिथे कामाची नाही. या शोधाच्या निमित्ताने प्रचंड मोठ्या संख्या झटपट गुणायच्या पद्धती सुधारल्या आणि प्रोसेसरांतले दोष पकडले गेले, तो फायदा आहेच. मी मात्र उत्तर देताना त्याचा आधार घेत नाही. जे कुणी कधी वाचणार नाही त्याच्याबद्दल नि:शंक खात्री बाळगता येते, हे मला पुरेसं मौल्यवान वाटतं.

ही खात्री किती एकाकी आहे तेही बघण्यासारखं आहे. एवढ्या मोठ्या संख्यांच्या प्रदेशात सरासरी साडेनऊ कोटी संख्यांमागे एक मूळ संख्या पडते. आपल्या संख्येच्या पलीकडे, तिच्या दुपटीच्या आत, मूळ संख्या आहेतच. रशियन गणितज्ञ चेबिशेव्हने १८५२ मध्ये ते सिद्ध केलं. त्या अगणित आहेत. तरी तिच्या लगेच पुढची कोणती, हे कुणी सांगू शकत नाही. तिचं एका ओळीचं नाव होतं म्हणून तिला कसोटी लावता आली. शेजारणींना तसं नाव नाही.

आणि कसोटी लावूनही तुकडे न सापडलेल्याही आहेत. २ चा १२७७ वा घात वजा १. फक्त ३८५ अंक, अर्ध्या पानात बसते. ल्युका-लेहमर कसोटीत शेवटी शून्य येत नाही, म्हणून ती संयुक्त हे पक्कं. पण तिचा एकही अवयव आजवर सापडलेला नाही. बलाढ्य यंत्रांनी वर्षानुवर्षं शोधला आहे.

माझ्या वहीच्या शेवटच्या पानांवर मी तिचे उमेदवार मांडले आहेत. २५५४ च्या पटीपेक्षा एकने मोठे, आणि ८ ने भागून बाकी १ किंवा ७ उरणारे. मला अवयव मिळणार नाही हे माहीत आहे. हे सगळे केव्हाच तपासून झालेले आहेत. तरी मी आपल्या हाताने करते. ७६६३, पण तो ७९ गुणिले ९७. १०२१७, तो १७ गुणिले ६०१. १७८७९, तो १९ गुणिले ९४१. २०४३३ ला ३ ने भाग जातो, २८०९५ ला ५ ने. मग ३०६४९. हा मूळ आहे. पहिला खरा उमेदवार. २ च्या १२७७ व्या घाताला त्याने भागून बाकी १ उरते का, हे दहा वेळा वर्ग करून कळतं. काल रात्री ते केलं. १ उरली नाही.